खंडेनवमीला विसाव्याला ठेवलेलं मशीन

माझा कशावर पटकन भरवसा बसत नाही. जीपवाला "निघालोच बघा ताई" म्हणाला की मी आधी वाकून आत किती माणसं बसलीत ते बघते. भाजीवाली "आत्ताच रानातनं आलीय" म्हणाली की मेथीची जुडी उलटी करून देठ तपासते. घरातून निघताना गॅसचं बटण पिळते, कुलूप लावते, कुलूप ओढून बघते, आणि मग वाटतं, गॅस? की पुन्हा कुलूप उघडते. आमचे हे, म्हणजे माझे मालक, तोवर गाडीला किक मारून बाहेर उभे असायचे. म्हणायचे, "आता त्या गॅसकडून शपथच घेऊन ठीव, मंजी निघता येईल." मी म्हणायचे, बघायला काय पैसे पडतात का?

अशा बाईच्या हाती केजमधल्या एका एक्स-रे आणि सोनोग्राफी सेंटरनं आपले संगणक सोपवले होते. सेंटर डॉक्टरांचं, पण कारभार त्यांच्या थोरल्या भावाचा. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. चौसाळ्याकडे जमीन, राजकारणात ऊठबस, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि दोन फोन. डॉक्टर फोटो बघून निदान सांगायचे. बाकी सगळं, जनरेटरच्या डिझेलपासून गणपतीच्या आरतीपर्यंत, अण्णांच्या हुकमानं चालायचं. मी अंबाजोगाईला संगणकाचं शिकलेली, लग्न होऊन केजला आलेली. सेंटरमध्ये संगणक विभाग म्हणजे मीच आणि माझी खुर्ची.

आधी आमच्याकडे मागच्या खोलीत टेबलाखाली एक सर्व्हर होता. सगळ्या पेशंटचे जुने फोटो त्याच्यात. उन्हाळ्यात तो एवढा तापायचा की वरच्या टेबलावर ठेवलेला चहा गार होत नसे. लाइट गेली की बंद, आली की घरघर. एका उन्हाळ्यात तो गचकला. तो उघडला तर आत उंदरानं कापसाचं घरटं केलेलं, पिल्लांसकट. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. फोटो कसेबसे निघाले, पण त्या दिवशी ठरलं की आता हे लफडं इथं ठेवायचं नाही.

मग छत्रपती संभाजीनगरहून एक माणूस आला. बोलायला लाघवी, बुटाला पॉलिश, हातात पातळ लॅपटॉप. सेंटरमधले सगळे त्याला क्लाऊडवाला म्हणायचे. त्यानं सांगितलं की आता सगळे फोटो क्लाऊडवर जाणार, तुम्ही इथून फक्त बघायचे. मी विचारलं, "मशीन कुठं असणार?"

"मुंबईत किंवा हैदराबादेत. ते आपल्याला कळायचं कारण नाही, मॅडम."

"कारण न्हाई कसं? आमचं मशीन हाय ना?"

"तसं मशीन नाहीच ते. व्हर्च्युअल मशीन आहे."

झालं! मशीन आमचं, आणि ते नाहीच. त्यानं मला समजावलं, म्हणजे समजावायला त्याला आवडलं. एका मोठ्या खऱ्या मशीनच्या पोटात अशी बरीच मशीनं आखून दिलेली असतात, भाड्याच्या खोल्यांसारखी. प्रत्येकाला वाटतं आपलं स्वतंत्र घर आहे. हात लावायला काही नाही, पण काम सगळं करतं. मी म्हटलं, "आणि घरमालकानं हाकललं तर?" तो हसला. अण्णाही हसले. "मॅडमला कशाचाच भरवसा न्हाई," अण्णा म्हणाले, "ह्या दवाखान्यातल्या काट्यावरबी दोनदा वजन करतेत." ते खरं होतं. काटा हलका दाखवायचा.

त्या नसलेल्या मशीनची रोज आपोआप एक नक्कल घ्यायची अशी सोय होती. शिवाय आठवड्याला दुसरी एक नक्कल, वेगळ्या शहरात, क्लाऊडवाल्याच्या वेगळ्या खात्यात. पहिलीचं काही झालं तर दुसरी. ही दुसरी नक्कल नीट होतेय की नाही यावर लक्ष ठेवायची जबाबदारी माझी, असं डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आता लक्ष ठेवायचं म्हणजे काय, तर क्लाऊडवाला फोनवर एक चित्र पाठवायचा. त्यात मशीनचं नाव आणि पुढे हिरवी बरोबरची खूण. मी ती खूण बघायची आणि अंगठा पाठवायचा.

अहो, खूण काय, मीही काढीन! मी त्याला म्हणायचे, "ती नक्कल एकदा उघडून दाखवा. तिच्यातून मशीन उभं करा, आणि मी सांगन त्या पेशंटचा फोटो काढून दाखवा." तो म्हणायचा, करू ना मॅडम. सणानंतर करू. महिनाअखेर होऊ द्या. त्याला वेळ लागतो, खर्च पडतो. मी पुन्हा म्हणायचे, तो पुन्हा गोड बोलायचा. गोड बोलणारा माणूस दिसला की माझ्या अंगावर काटाच येतो. मला पक्कं वाटायला लागलं होतं की ती दुसरी नक्कल नाहीच. तो आपला जुनंच चित्र वरचेवर पाठवत असणार. मी खुणेचा रंगसुद्धा ताडून बघायचे.

त्याच पावसाळ्यात ह्यांना खोकला लागला. आमची थोडी शेती आहे आणि मेंढरं आहेत. घराण्यातच मेंढरं राखायचं काम. पावसापाण्यात रानात फिरणाऱ्या माणसाला खोकला होतोच, असं सगळे म्हणाले. हेही म्हणाले. मी अडुळशाचा काढा दिला, मेडिकलमधली बाटली दिली. खोकला जाईना. मग माझं सुरू झालं. ह्यांच्या शर्टाचा वास घे, बिडी सोडली म्हणतात ती खरंच सोडलीय का बघ. उपरणं धुवायला टाकताना उलगडून बघ, लाल काही नाही ना. एकदा हे न्हाणीच्या आड जाऊन खोकत होते. मी विचारलं, "अवो, आड जाऊन कावून खोकता?" तर म्हणाले, "मंग काय तुझ्या तोंडावर खोकू?" हसले. माझा संशय त्या हसण्यानं वाढला. हे खोटं बोलायच्या आधी हसतात.

ओढत ओढत त्यांना सेंटरला आणलं ते अष्टमीच्या दिवशी. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो पडद्यावर मोठा केला, बारीक केला, पुन्हा मोठा केला. आणि मग ते माझ्याशी फार मऊ आवाजात बोलायला लागले. एरवी हा माणूस मला "मॅडम, प्रिंटर" एवढंच म्हणतो. म्हणाले, "बसा ना तुम्ही. चहा घेता का?"

उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक डाग होता. हरभऱ्याच्या डाळीएवढा. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "घाबरून जाऊ नका. असे डाग कैक लोकांना असतात. लहानपणी कधी छातीत काही होऊन जातं, त्याचा वण राहतो, माणसाला पत्ताही नसतो. तसा जुना वण असेल तर निवांत राहा. पण नवा असेल, तर मग उशीर करायचा नाही, पुढच्या तपासण्या लगेच करायच्या. चार-पाच वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधी ह्यांचा छातीचा फोटो आपल्याकडेच काढला होता ना? तो समोर ठेवला की कळेल. त्याच्यात डाग असेल तर सुटलो."

म्हणजे सगळं त्या जुन्या फोटोवर आलं. डाग असावा, हे मागायची वेळ आली माझ्यावर. त्या फोटोची फिल्म घरी होती एके काळी. पण मधे सूर्यग्रहण आलं, तेव्हा ह्यांनी ती कात्रीनं कापून अख्ख्या आळीला बघायला वाटली होती. छातीचे तुकडे करून वाटले आणि वर मला म्हणाले, "बघ की, माझ्यातनं सूर्य दिसतोय." ऑपरेशनचा दवाखाना तर केव्हाच बंद होऊन डॉक्टर दुसरीकडे गेले होते. राहिला तो एकच फोटो, आमच्या त्या नसलेल्या मशीनमध्ये.

मी लगेच उघडायला बसले, तर नेट बंद. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीनं केबल तोडली होती. डॉक्टर म्हणाले, "आता उद्या खंडेनवमी, परवा दसरा. सेंटर बंदच आहे. सणानंतर पहिल्यांदा तेच बघू." परत तोच मऊ आवाज. मला वाटलं डॉक्टरांना कळलंय, आणि सणाचा गोडवा जाऊ नये म्हणून थांबवतायत.

नवमीला सकाळी आम्ही सगळे पूजेपुरते सेंटरला गेलो. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा असते. नांगर, विळा, खुरपं धुऊन मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं, त्याला एक दिवस विसावा. अण्णा ते फार कडक पाळतात. एक्स-रेच्या मशीनला झेंडूचा हार घातला होता. सोनोग्राफीला हार, जनरेटरला हार, वजनकाट्यालासुद्धा हार. आणि माझ्या टेबलावर एक कागद ठेवलेला, त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं, क्लाऊड सर्व्हर. कागदावर कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल.

"हे काय अण्णा?"

"मग? वरचं मशीन आपलं न्हाई का? ते दिसत न्हाई म्हणून त्याला उपाशी ठेवायचं व्हय?"

सगळे हसले. मीही हसले असते, पण माझं ध्यान त्या डागात अडकलेलं. अण्णांनी नारळ फोडला, सगळ्या मशीनांची बटणं स्वतःच्या हातानं बंद केली, प्रसाद वाटला आणि आम्ही घरी गेलो.

तो दसरा कसा गेला ते विचारू नका. लोक आपट्याची पानं घेऊन येत होते, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत होते, आणि मी प्रत्येकाच्या पाया पडताना एकच मागत होते की तो डाग जुना निघू दे. हे अंगणात मेंढरांना पाला टाकत होते. मी बघतेय असं दिसलं की खोकला गिळायचे. गिळलेला खोकला दिसतो हो, खांद्यावर दिसतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे माझ्यासोबतच आले. "मेंढरं पुतण्याकडं दिलीत, येतो मी," म्हणाले. सेंटरच्या आवारात लिंबाखाली पेशंटांसाठी बाकडं आहे, तिथं बसले. केबल जोडून झाली होती, नेट चालू होतं. मी संगणक लावला, त्यांचं नाव टाकलं. पडद्यावर आलं की सर्व्हर सापडत नाही. पुन्हा टाकलं. सापडत नाही. दुसऱ्या पेशंटचं नाव टाकलं. तेच. मग थेट क्लाऊडच्या पानावर गेले, जिथं आमचं मशीन दिसायचं. तिथं यादी रिकामी. बंद नाही, बिघडलेलं नाही, मशीनच नाही. नवं मशीन घ्यायचंय का, एवढं मात्र विचारत होतं.

पहिला विचार आला तो क्लाऊडवाल्याचा. मी म्हटलं, ह्या मुडद्यानं काहीतरी केलं. मी फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तो बिचारा आंघोळीतून आला असावा, पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. त्यानं तिकडून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, मशीन डिलीट झालंय. आणि तुमच्याच मालकी खात्यावरून झालंय. नवमीला."

"आणि रोजच्या नकला?"

"त्या मशीनसोबतच जातात. मशीन पुसलं की त्याही पुसतात. तसा नियमच आहे त्यांचा."

डॉक्टर माझ्या पाठीमागे येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्या खात्याचा पासवर्ड मला माहीत होता, आणि डॉक्टर-अण्णा दोघा भावांना. डॉक्टर हळूच म्हणाले, "मॅडम, परवा तुमच्या हातून तर काही दाबलं गेलं नाही ना? तुम्ही टेन्शनमध्ये होतात." दार उघडंच होतं. बाकड्यावर बसलेल्या ह्यांनी मान वर केली, ते मला दिसलं. मी ताडकन उठले. "माझ्या मालकाचा फोटो हाय त्याच्यात! मी पुसीन?" तरी डॉक्टरांच्या तोंडावरचा संशय गेला नव्हता. संशय कसा दिसतो ते मला कुणी शिकवायला नको.

तेवढ्यात अण्णा आले. खिशात अजून आपट्याची पानं, कपाळाला गंध. गलका बघून म्हणाले, "काय झालं? मशीन बंद हाय व्हय? चालू करा की मंग. मीच ठेवलतं त्याला विसाव्याला."

सगळे त्यांच्याकडं वळले. अण्णांनी फोन काढून अगदी आनंदानं दाखवायला सुरुवात केली. नवमीला पूजा झाल्यावर त्यांच्या मनाला लागलं होतं की खालची सगळी मशीनं विसावली आणि वरचं तेवढं राबतंय. म्हणून घरी जाऊन त्यांनी फोनवर मालकी खातं उघडलं. इंग्रजीत बरंच काही होतं. बंद करायचं वाटलं ते दाबलं. "तर त्यानं मशीनचं नाव लिहा म्हणून विचारलं. मी म्हटलं, बराबर हाय. पूजेला बसलं की गुरुजी नाव-गोत्र विचारतेतच की. एक एक अक्षर बघून लिवलं. चुकू दिलं न्हाई."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसले. मशीन कायमचं पुसण्याआधी चुकून होऊ नये म्हणून ते नाव लिहायला लावतात, हे अण्णांना कोण सांगणार होतं? मीच सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला, आणि थोरल्या माणसाशी असं बोलू नये हे कळत असून चढला. अण्णा आधी हसत होते, मग त्यांचा चेहरा उतरत गेला. "सगळेच फोटो गेले व्हय? लोकांचे?" म्हणाले. आणि मग बाकड्याकडं बघून, "त्यांचाबी?" एवढा मोठा माणूस, पण मला त्याची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदम.

"दुसरी नक्कल आहे ना?" डॉक्टरांनी मला विचारलं. "ती बघायचं तुमच्याकडं होतं."

पुसलं कुणी हे आता कळलं होतं, पण नक्कल नाही निघाली तर दोष माझाच, हे सगळ्यांनाच कळलं. बाकड्यावर ऐकणाऱ्यालाही. मी क्लाऊडवाल्याला पुन्हा फोन लावला. म्हटलं, "आता बोला. ती हिरवी खूण खरी होती का? खोटं असंल तर आत्ताच सांगा, मला ताटकळत ठेवू नका."

"आहे मॅडम. तिच्यातून नवीन मशीन उभं करतो. वेळ लागेल."

बघा, पुन्हा वेळ. पडद्यावर एक पट्टी आली आणि मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायला लागली. मी तिच्यासमोर बसले. तो फसवतोय असंच मला वाटत होतं. पट्टी काय, कुणीही सरकवील. शेवटाला जाऊन म्हणेल, सॉरी मॅडम, फाइल खराब होती. अण्णा सारखे आत-बाहेर करत होते, माझ्यापुढं चहा आणून ठेवत होते आणि गार झालेला उचलून नेत होते. "कपिलधारला नारळ वाढवतो मी," म्हणाले, "येऊ द्या फक्त." आलेल्या पेशंटांना सांगितलं की मशीनची पूजा चालू आहे, उद्या या. मी मधे एकदा बाहेर जाऊन ह्यांना म्हटलं, घरी जा, जेवून घ्या. तर म्हणाले, "तू हाईस ना आत? मंग मी हाय हितं."

पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली तेव्हा मला एक गोष्ट कळली. कळली म्हणजे छातीत येऊन बसली. फोटो आला आणि त्यात डाग दिसला, तर आम्ही सुटलो. पण नाही दिसला तर? इतके दिवस मी त्या नकलेवर संशय घेत होते, आणि आता मला वाटायला लागलं की ती खोटीच निघू दे. फोटो सापडलाच नाही तर डाग जुना आहे असं तरी मानता येईल. कोण नाही म्हणणार? नोकरी जाऊ दे, लोक बोलू देत. मी त्या पट्टीकडं बघून मनातल्या मनात म्हणत होते, अडक गं, अडक. आणि ती अडकली नाही. एरवी साधा प्रिंटर अडकतो!

मशीन उभं राहिलं. मी ह्यांचं नाव टाकलं. फोटो आला. काही अडलं नाही, काही फाटलं नाही, स्वच्छ आला. मागं कुणीतरी टाळी वाजवली, अण्णांनी दोन्ही हात जोडून वर बघितलं. क्लाऊडवाला फोनवर होता, तो ओरडला, "आलं ना मॅडम? मी म्हटलं होतं ना, काही जात नाही! सगळं जसंच्या तसं आहे!" अण्णा तसेच पेढे आणायला पळाले.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. नव्यात तो डाग. जुन्यात त्या जागी काहीच नाही. नितळ फुप्फुस. मला त्यातलं काही कळत नाही असं मी म्हणायचे, पण ते कळायला डॉक्टर लागत नव्हता.

"हा ह्यांचा नाही," मी म्हटलं.

"मॅडम."

"कुणाचा तरी दुसऱ्याचा हाय. नक्कल करताना नावं सरकली असतील. त्या माणसाचा काय भरवसा?" नाव बघितलं, वय बघितलं, गाव बघितलं. सगळं बरोबर. तरी मी म्हणत राहिले. मग डॉक्टरांनी जुन्या फोटोत गळ्याजवळच्या हाडावर बोट ठेवलं. तिथं गाठ होती. मग नव्या फोटोत तिथंच ठेवलं. तीच गाठ. तरुणपणी हे कडब्यानं भरलेल्या गाडीवरून पडले होते, ते हाड वाकडं जुळलं होतं. त्या गाठीवर माझा हात किती वेळा गेला असेल, अंधारातसुद्धा मला ती सापडली असती. मी मान खाली घातली.

"अजून लहान आहे," डॉक्टर म्हणाले. "नवा आहे म्हणून तर लवकर सापडला. उद्याच छत्रपती संभाजीनगरला जा. मी फोन करून ठेवतो." आवाज पुन्हा मऊ झाला होता. ह्या वेळी मी त्याच्यावर संशय घेतला नाही.

तोंड धुऊन मी बाहेर आले. अण्णा पेढ्याची पेटी घेऊन आवारभर फिरत होते, वॉचमनला, रिक्षावाल्याला, दिसेल त्याला पेढा देत होते. ह्यांच्याही हातात एक दिला होता. मी बाकड्याजवळ गेले तसे हे उठून उभे राहिले. मला वाटलं होतं हे माझ्याकडं घाबरून बघतील. पण ह्यांचा चेहरा एवढा मोकळा मी कित्येक दिवसांत बघितला नव्हता.

"सापडलं म्हणे सगळं," हे म्हणाले.

"हं."

"झालं तर मग. आता तुला कोण काय म्हणंल? सकाळधरनं माझ्या जिवाला तोच घोर होता बघ. त्या डॉक्टरानं तुझ्यावर आळ घेतला तवाच उठून आत येणार होतो मी." मग ह्यांनी पेढ्याचे दोन भाग केले, मोठा माझ्यापुढं धरला. "घे. सकाळधरनं पोटात काई न्हाई तुझ्या."

मी तो तोंडात टाकला. तसाच गालात धरून ठेवला. हे माझ्या तोंडाकडं बघत राहिले, बराच वेळ. फोटोत काय दिसलं ते त्यांनी विचारलं नाही.